तुम्ही पोलिसांतल्या वाटत नाही

"तुम्ही पोलिसांतल्या वाटतच नाही हो. मग इतकी वर्षं त्या खात्यात राहिलात कशा?" निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, अगदी बँकेच्या रांगेतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला ती स्तुती वाटते. पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. आता तुम्ही विचारलंतच, म्हणून एकदा नीट उत्तर देते, कारण या स्तुतीत माझ्या साऱ्या सहकाऱ्यांना शिवी आहे आणि ती गिळून घ्यायचा मला कंटाळा आला आहे.

लाचखोरी मी झाकणार नाही. जानेवारी 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला उतरवलेला शस्त्रसाठा गोंडघर फाट्यावर पोलिसांनीच अडवला होता आणि पैशांच्या बोलीवर पुढे जाऊ दिला. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट होऊन 257 माणसे गेली. त्या पोलिसांना पुढे न्यायालयाने शिक्षाही दिली. दुसरीकडे, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते, म्हणजे माझ्याच हुद्द्याचे. लोक या दोन्ही गोष्टी सांगतात आणि यांतल्या तुम्ही कोणत्या, अशा नजरेने माझ्याकडे पाहतात. मी कोणतीच नाही. माझी नोकरी गेली ती समन्स बजावण्यात, समुद्रात बुडालेल्या पर्यटकांचे पंचनामे करण्यात, शिमग्यात पालखीच्या मानावरून हातघाईवर आलेल्या गावकीला समोरासमोर बसवण्यात आणि घरचा गणपती न पाहता महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांना वाट करून देण्यात.

लोकांना चांगला पोलीस म्हणजे नक्की कोण हवा असतो, हे मात्र मला शेवटपर्यंत उमगले नाही. टाळेबंदीत "मुंबईची माणसं गावात घेऊ नका" म्हणून ठाण्यात निवेदन घेऊन आलेल्यांपैकी एकाने त्याच संध्याकाळी मला फोन केला, की मुलगा ई-पासशिवाय निघाला आहे, चेकनाक्यावर जरा सांगून ठेवा. मी सांगितले नाही. त्या घरी मी आजही 'खडूस बाई' आहे.

आता मूळ गोष्ट. आंब्याचा हंगाम होता. किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी ठाणे अंमलदार म्हणून, म्हणजे तक्रारी नोंदवून घ्यायला, बसले होते आणि माझे आजोळ त्याच ठाण्याच्या हद्दीत होते. रात्री उशिरा एक टेम्पो आवारात शिरला. मागच्या हौद्यात, रिकाम्या क्रेटांच्या मधोमध, बागेवर राखणीला असलेला एक नेपाळी मुलगा पडला होता. त्याचे हात सुंभाने बांधले होते आणि उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला होता. बरोबर आठ-दहा जण होते, त्यांत माझ्या मामाच्या वाडीतले निम्मे, आणि त्यांतल्या दोघांच्या मांडीवर मी लहानपणी खेळलेली. आंब्याच्या पेट्या चोरल्या, चोर धरून आणला, आता तुम्ही तुमच्या पद्धतीने विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. "दोन लावा बाई, म्हणजे बोलेल." पोलीस कोठडीत मारतात म्हणून आम्हाला नावे ठेवणारी हीच माणसे होती, हे मला तेव्हाही दिसत होते.

मी आधी सुंभ सोडायला लावले आणि यादी, म्हणजे पोलिसांचे पत्र, देऊन मुलाला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. बागायतदाराची चोरीची फिर्याद लिहून घेतली. मग, हाड मोडल्याचा दाखला आल्यावर, त्या मुलाचा जबाब घेऊन मारणाऱ्यांवरही जुन्या दंड संहितेच्या कलम 325 खाली जबर दुखापतीचा गुन्हा नोंदवला. साहेबांनी मला अडवले नाही. "तुमच्या गावचे आहेत, तुम्ही बघा," एवढेच म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

त्या भाद्रपदात वाडीची आरती मामाच्या घरी आली नाही. टाळ-मृदंग घेऊन मंडळी आधीच्या घरातून निघाली आणि मामाचे अंगण ओलांडून पुढच्या घरी गेली. मामीने तासभर आधी पेटवलेली समई आणि वाटून ठेवलेला प्रसाद तसाच राहिला. मी त्या रात्री बंदोबस्तावर होते. मामीनेच फोन केला. रडली नाही. "तुझी नोकरी तुला लखलाभ, आम्हाला या गावात राहायचंय," म्हणाली.

खटल्याचे काय झाले, हे विचारू नका, असे म्हणणार होते, पण सांगते. नेपाळी मुलगा पुढच्या हंगामात परतला नाही, त्याच्या नावाचे समन्स बजावणीविना परत आले, पंच फितूर झाले आणि सगळे निर्दोष सुटले. पेट्याही कधी सापडल्या नाहीत.

मग उपयोग काय झाला? भरती झाले तेव्हाच्या मला हा प्रश्नच पटला नसता. गुन्हा घडला की तो लिहायचा, पुढचे न्यायालय बघेल, अशी त्या मुलीची समजूत होती. नंतरच्या वर्षांत मीही शेकडो भांडणे, दोन्ही बाजूंना चहा पाजून, अदखलपात्र, म्हणजे तपासाशिवायच्या नुसत्या, नोंदीवर भागवली. बांधाचा वाद, दारू पिऊन केलेली शिवीगाळ यांत ते योग्यच होते असे मी आजही म्हणेन. पण दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो असा, गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट सांगितल्यानंतरही ठाण्यात येणाऱ्याला "आधी अर्ज द्या, बघू" असे सांगितले जाते, हा लोकांचा आरोप खरा आहे. नोंदवलेला प्रत्येक गुन्हा वरिष्ठांच्या क्राईम मीटिंगमध्ये आकडा होऊन आमच्यावर उलटतो. वाढला का, उघडकीस का आला नाही, हे आम्हालाच विचारतात. अशा वेळी न लिहिण्याचा मोह कुणाला होतो, हे मला बाहेरच्याने शिकवायला नको. आणि नवरा-बायकोच्या ज्या भांडणांत मी समजूत घालून बाईला घरी पाठवले, त्यांतल्या कितीजणी मला चांगली म्हणत असतील आणि कितीजणी दुसरे काही, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ज्या दिवशी मी लिहिले त्या दिवशी वाईट ठरले, ज्या दिवशी मिटवले त्या दिवशी चांगली. या चांगुलपणावरूनच तुम्ही मला "पोलिसांतल्या वाटत नाही" म्हणता की काय, अशी शंका मला येते.

गेल्या हंगामात मामेभावाचा फोन आला. त्याच्याही बागेत चोरी झाली होती आणि ठाण्यात तक्रार घ्यायला चालढकल चालली होती. मी त्याला सांगितले की लेखी तक्रार दे, पोच माग, गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठव, आणि गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नको. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते ठीक आहे गं ताई, पण त्या ठाण्यात तुझ्या ओळखीचं कुणी नाही का? केस-बिस नको, पोरांना बोलावून नुसता दम दिला तरी पुरे."

ओळखीचे होते. मी नाव सांगितले नाही. तो अजून रागावलेला आहे.