पाचवीचा निकाल आणि अडलेलं वाचन : माझा अनुभव

शिक्षण हक्क कायद्यातलं मुलांना त्याच वर्गात न ठेवण्याबाबतचं कलम 16, 2019 मध्ये बदललं. त्यानंतर महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर, त्याच वर्गात ठेवता येतं. चौथीपर्यंत कुणालाच मागे ठेवत नाहीत, त्यामुळे पहिलीपासून साचलेली वाचनाची अडचण निकालात दिसते ती थेट पाचवीत. तोवर थांबलं तर फार उशीर होतो. म्हणून मी पाचवीच्या वर्गात वाचन पक्कं करण्याचं काम दिवाळीची सुट्टी संपताच हाती घेते.

पाचवीला विषयाचे 50 गुण असतात, 10 तोंडी आणि 40 लेखी. पास व्हायला 18 लागतात. परिसर अभ्यासात न वाचणारं मूलही तोंडीला 8 गुण घेऊन जातं. पिकं, पाऊस, गावची नदी, सगळं त्याला ठाऊक असतं. लेखीत उरलेले 10 मात्र मिळत नाहीत, कारण प्रश्नच वाचता येत नाही. अशा मुलाची परिसर अभ्यासाची जादा तासिका घेणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा या मुलांची नावं वेगळी द्यावीत.

मग एकेकाला जवळ बसवून वाचून घ्यायचं. पाठ्यपुस्तकातला धडा अजिबात देऊ नये. मुलांना तो ऐकून पाठ असतो, बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर असतं. नवा, सोप्या चार ओळींचा उतारा द्यावा. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा शब्द तोडून तोडून वाचले, तर पाच सुटे शब्द द्यावेत. त्यातले निदान चार बरोबर आले नाहीत तर पाच अक्षरं. उतारा जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

अक्षरांवर अडलेल्या मुलाकडून बाराखडी म्हणून घेण्यात अर्थ नाही. चालीवर 'क का कि की' म्हणणारं मूल सुटं 'की' दाखवलं की मनातल्या मनात 'क'पासून मोजत येतं. कार्डं पिसून दाखवावीत. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत, एक पक्कं झाल्यावरच दुसरं घ्यावं. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथेही मुलं हमखास अडतात. शब्दांच्या पातळीवर खरी अडचण जोडाक्षरांची. 'सूर्य', 'चंद्र', 'ट्रक' यांत र तीन रूपांत येतो. प्रत्येक रूपाला स्वतंत्र दिवस द्यावेत.

रोज पाऊण तास, पाच-सहा मुलांचा गट. गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करावा, म्हणजे तिसरी-चौथीची मुलंही त्यातच बसतात. दर पंधरवड्याला पुन्हा तपासून गट बदलावेत. हे राहून जातं आणि पुढे गेलेलं मूल जुन्याच कार्डांवर कंटाळत बसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं मूल शक्यतो हंगामी वसतिगृहात ठेवावं. जाणारच असेल तर सोबत शिक्षण हमी पत्रक (नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवून प्रवेश घेण्यासाठी) द्यावं आणि वाचनाची पातळी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावी.

निकालानंतर जादा शिकवणं आणि दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, असं कायदा सांगतो. पण मे महिन्यात शाळा बंद असते. म्हणून निकालाच्या दिवशीच पालकांच्या हातात छोटी गोष्टींची पुस्तकं द्यावीत आणि घरात किंवा शेजारी रोज वीस मिनिटं ऐकून घेणारं कोण, तेही त्याच वेळी ठरवावं.

तरीही मूल पाचवीतच राहिलं, तर जूनमध्ये पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नये. मागच्या वर्षी जे कळलं नाही तेच तसंच पुन्हा कानावर पडेल. पहिले दोन महिने वाचनाच्या पातळीपासूनच काम करावं. पालकांना स्पष्ट सांगावं की आठवीपर्यंतचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नाहीतर "नापास झाली, आता घरीच राहू दे" म्हणत मुलीचं नाव काढायला येतात. आणि कोणती अक्षरं, कोणती जोडाक्षरं अजून कच्ची आहेत, ते तारखेसह मुलाच्या नोंदवहीत लिहावं. वर्गशिक्षक बदलले तर नव्या बाईंना किंवा सरांना तिथूनच पुढे शिकवता येतं.