विंचरलेले केस

नागपुरात धंतोलीत डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. हातातल्या मासिकात बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर लेख. फोटोत खिडकीशी उभी मॉडेल, डोळ्यांत पाणी, केस कसे रेशमी.

शेजारची, मांडीवर तान्हं घेतलेली, डोकावून म्हणाली, "बाप्पा, हिले केस विंचराले टाइम भेटते!"

दोघी हसलो. पण उपाय काय तर गाणी ऐका, छान नटा. रडू दोन आठवड्यांत ओसरलं नाही तर डॉक्टर गाठा, अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, यातलं काहीच नाही. हे नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे, दहाच प्रश्न. अर्ध्या पानात मावली असती.

नवऱ्यासाठी, सासूसाठी तर एक ओळही नाही. ते असलं काही वाचत नाहीत, हे कोणी ठरवलं?