तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं सोडून का जात नाही?

झाडं, पाणी, तानपुरा, कमीत कमी वस्तू यांबद्दल मी इतकं भरभरून बोलते, की ऐकणारा शेवटी विचारतोच, "मग सगळं सोडून जात का नाही तुम्ही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

जावंसं वाटतं. फार वाटतं. फोन वाजत असतो, कुणाचं तरी काहीतरी करायचं राहिलेलं असतं, आणि मनात मात्र पाण्याकाठची एक खोली उभी राहते.

संगीतकार गुस्ताव मालर यांच्याकडे अशी खोली खरोखरच होती. ऑस्ट्रियातल्या आटरझे तलावाकाठी त्यांनी संगीतरचनेसाठी लहानशी झोपडी बांधून घेतली आणि १८९४ ते १८९६ चे उन्हाळे तिथे काम केलं. त्यांची तिसरी सिंफनी मुख्यतः तिथलीच. एरवी ते हॅम्बुर्गच्या ऑपेरात वाद्यवृंदाचं संचालन करत.

वाचून आधी हेवा वाटला. मग लक्ष गेलं त्यांच्या बहिणीकडे, युस्टिनकडे. घर ती सांभाळत होती. भावाच्या कानांवर आवाज पडू नये म्हणून घरच्यांची धडपड चाले. झोपडीतली ती शांतता बाहेरच्या माणसांनी राखलेली होती.

माझं अडतं ते इथेच. मी गेले तर माझ्या वाटणीचं काम काही नाहीसं होत नाही, ते नवऱ्याच्या अंगावर पडतं. आणि त्यालाही झाडाखाली निवांत बसावंसं वाटतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून आम्ही वेळ वाटून घेतला. सकाळचा पहिला तास माझा. पंचमाची (प) तार, जोडाच्या (सा) दोन तारा, मग खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार असा तानपुरा लावायचा, तारेखालचा, आवाजाला गुंजन देणारा जवारीचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. नीट जुळला की खर्जातून गंधार, म्हणजे ग हा स्वर, ऐकू येऊ लागतो, कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना! दरवेळी मी तितकीच हरखते. त्या तासात दुसरं काही करताच येत नाही, आणि मला हवं असतं ते नेमकं हेच. संध्याकाळचा तास त्याचा. तेव्हा दार मी उघडते, फोन मी घेते.

राहिला निसर्ग. रॉजर उलरिच या संशोधकांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तो वाचला आणि तानपुरा खिडकीशी हलवला.

एवढ्याने ओढ संपत नाही. पाण्याकाठची खोली अजून हवीच आहे. कधी जमलंच तर आळीपाळीने जायचं, असं ठरलंय. पहिल्यांदा त्यानेच जायचं, हे मी सांगून टाकलं आहे.