पॅरिशची मोरी

चिखलाने माखलेले गमबूट व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर काकू म्हणाली, “एवढं शिकून तिकडं गटारं उपसायला गेलीस व्हय?” काकू वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावची पाच वर्षं सरपंच होती. बोलणं लागलं, म्हणून हे लिहितेय.

इंग्लंडमधल्या ज्या खेड्यात आम्ही राहतो, तिथल्या पॅरिश काउन्सिलची, म्हणजे गावपातळीवरच्या कारभार समितीची, मी गेल्या वर्षीपासून सदस्य आहे. गुलाल वगैरे काही उधळला नाही. एक जागा रिकामी झाली. दहा मतदारांनी मागितली असती तर निवडणूक झाली असती. कुणी मागितली नाही, मग उरलेल्या सदस्यांनी मला घेतलं. पासपोर्ट अजून भारताचाच. राष्ट्रकुलातल्या नागरिकाकडे कायम राहण्याचा परवाना असला की इथे सदस्य होता येतं. (आणि माझ्याच गावात मत द्यायचं तर मला विमानाचं तिकीट काढावं लागतं. असो.) मानधन शून्य.

इंग्लंडभर अशा सुमारे १०,००० काउन्सिल आहेत, पण त्यांना आपली ग्रामपंचायत समजू नका. आपल्याकडे नळपाणी, घरपट्टी, दिवाबत्ती सगळं एका कार्यालयात. इथे बाकडी, गवत कापणं, दफनभूमी, फार तर १ पौंडात घेतलेला जुना लाल टेलिफोन बूथ. रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा, त्यातल्या खड्ड्याला आपण हात लावायचा नाही. माझ्या पहिल्याच बैठकीत कुत्र्याच्या घाणीच्या पेटीवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. पेटी बसस्टॉपजवळ हवी की कुंपणाजवळ? हिरवी की लाल? एका आजोबांनी नकाशा आणला होता. एका बाईंनी वाऱ्याची दिशा काढली. शेवटी विषय पुढच्या महिन्यावर. तो मीच ढकलला, पण त्याही महिन्यात पुन्हा वारा! आमच्या ग्रामसभेत एव्हाना दोन खुर्च्या मोडल्या असत्या, पण पेटी बसली असती.

खरं सांगायचं तर मी आमची ग्रामसभा कधी पाहिलेलीच नाही. पोरींनी जायचंच नसायचं. काकू सरपंच होती तेव्हासुद्धा सह्या तिच्या आणि खुर्चीत काका. तेव्हा इथे येऊन मी गावाला पाठ फिरवली, असं कुणी म्हणू नये. पाठ फिरवायला आधी गावाने बसायला जागा तरी द्यायला हवी होती.

तर मोरीचं, म्हणजे साठलेलं पाणी वाहून नेणाऱ्या विटांच्या वाटेचं. शाळेच्या वळणावर ऑक्टोबरपासून घोटाभर पाणी साठायचं. पोरं कुंपणाला चिकटून चालायची आणि गाडी गेली की भिजायची. काउंटीच्या वेबसाइटवर मी तीनदा तक्रार केली; तिन्ही वेळा ‘नोंद झाली आहे’. मग निवृत्त पोस्टमन असलेले एक आजोबा म्हणाले, पूर्वी इथे पाणी थांबायचं नाही, चर उघडी होती. चर? मी काठी घेऊन काटेरी झुडपात घुसले. मिरगाच्या आधी बाबा बांधाकडेची चर मोकळी करायचे, तेव्हा काठी कुठे बुडते आणि कुठे अडते, हे मी त्यांच्या मागे फिरून शिकलेली. चौथ्या ठिकाणी काठी विटेला लागली. मोरीचं तोंड!

आमची क्लार्क, म्हणजे इथली ग्रामसेविकाच, म्हणाली की रस्त्याकडेची चर साधारणपणे लगतच्या जमीनमालकाची. ती पत्र लिहायला बसली. मी म्हटलं थांब, आणि सरळ शेतकऱ्याच्या दारात गेले. तो म्हणाला, “आजवर नुसती पत्रंच आली. विचारायला कुणी आलं नाही.” शनिवारी तो छोटा खोदाईयंत्र घेऊन आला. आम्ही तिघं फावडी घेऊन. सडका पाला, एक फुटबॉल, रस्त्यावर ठेवतात तो केशरी शंकू असं सगळं निघालं. मग आतून घशात अडकलेलं सुटावं तसा आवाज आला आणि वळणावरचं पाणी हळूहळू फिरायला लागलं, मध्ये भोवरा धरून. मी तिथे अर्धा तास उभी होते. नवरा दोनदा बोलावून गेला.

ऑफिसात मी लाखो लोकांच्या व्यवहारांची आकडेवारी बघते. त्यातला एकही माणूस मला दिसत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा मी इथल्या स्वयंपाकघरात रात्रभर फोन धरून बसले होते. कुणाच्या छतावर किती माणसं, हे ग्रुपवर वाचत होते आणि पैसे पाठवण्यापलीकडे हातात काही नव्हतं. त्याची भरपाई या मोरीने होत नाही, ठाऊक आहे मला.

रविवारी धो धो पाऊस पडला. वळण कोरडं होतं. त्याचा व्हिडिओ काकूला पाठवला. तिचं उत्तर आलं, “झ्याक. आपल्या शाळंम्होरलं पाणी बघाय कधी येतीस?”

तिच्या फोनवर निळ्या खुणा उमटल्या असणार. म्हणजे मी वाचलंय, हे तिला कळलं.