मास्कखालची दहा मिनिटं

कॉलेजच्या सरांनी फोनवर एकच तास मागितला होता. "मुलांना मशीन दाखवा मॅडम, कॅन्सरचं फार सांगू नका, घाबरतात," असं त्यांचं म्हणणं. मी मिरजेत रेडिओथेरपी, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार करणाऱ्या विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. एका तासात मशीन दाखवून होतं, पण त्यात काम करणारी माणसं दिसत नाहीत. मी सरांना कळवलं, पाठवायचं तर पूर्ण दिवस पाठवा. त्यांनी पाठवलं.

तेवीस जण होते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली, डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सची काही मुलं, ऑपरेशन थिएटर टेक्निशियनचा कोर्स करणारे चौघे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागातले. पहाटेच्या एसटीनं निघालेले, त्यामुळे आधी चहा-पोहे झाले. मग मी विचारलं, कॅन्सरच्या दवाखान्यात कोण कोण काम करतं? "डॉक्टर." "नर्स." पुढं कुणी बोलेना. दुसरा प्रश्न विचारला, कुणाच्या घरात मिश्री लावतात? निम्मे हात वर गेले. आमच्याकडं येणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायकांपैकी कितीजणी आयुष्यभर रोज सकाळी मिश्री लावत आल्या, ते सांगितलं तेव्हा एका मुलाचा हात हळूच खाली आला. हा आजार त्यांच्या घराच्या मोरीपर्यंत आधीच पोचलेला आहे. त्यांच्यापासून तो लपवून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

डीएमएलटीच्या मुलांना पॅथॉलॉजीत नेलं. फॉर्मॅलिनमधला बायोप्सीचा तुकडा, त्याचा मेणाचा ब्लॉक, आणि मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप. पाण्यावर तरंगणारी ती मेणाची पट्टी काचेवर सुरकुती न पडता उचलायला आमच्या ताईंचा हात काय चालतो! काप जाड आला, घडी पडली, तर डॉक्टरांना नीट वाचता येत नाही, रिपोर्ट लांबतो आणि तिकडं घरात एक माणूस रात्र रात्र जागं राहतं. मुलं इतकी गप्प बसून बघत होती की मला बरं वाटलं.

नर्सिंगच्या मुलींना मी बार्शीची गोष्ट सांगितली. नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या आधारानं तिथं १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, गावोगाव जाऊन. त्याच हॉस्पिटलच्या सहभागानं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नमुने घ्यायला गावात कोण गेलं होतं? प्रशिक्षण दिलेल्या एएनएम, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या नर्स. हे सांगितल्यावर पहिल्यांदा दोन-तीन वह्या उघडल्या.

मग लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन. दाराजवळ येताच सगळे थबकले. "मॅडम, आत गेलं की रेडिएशन लागतं का?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी तो पूर्ण उत्तर देऊनच सोडते. लिनॅक हा बल्बसारखा आहे. बटण बंद केलं की उजेड बंद, खोलीत काही उरत नाही. जुनं कोबाल्ट मशीन निखाऱ्यासारखं. तो झाकून ठेवता येतो, विझवता येत नाही. सव्वापाच वर्षांत आपोआप निम्मा होतो, म्हणून वर्षं सरतात तसा रुग्णाला जास्त वेळ झोपवावं लागतं. माझ्या छातीवरचा टीएलडी बॅज दाखवला, अंगाला किती रेडिएशन लागलं ते त्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जातो. आम्हा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या रेडिएशनचं माप) ही मर्यादा आहे, आणि माझा आकडा त्याच्या जवळपासही कधी गेलेला नाही.

मागून एका मुलीनं चाचरत विचारलं, "लग्नानंतर मूलबाळ...?" काही जणी हसल्या. मी त्यांना थांबवलं, कारण हाच प्रश्न माझ्या आईनं मला विचारला होता. दिवस गेल्याचं कळलं की लगेच सांगायचं, मग पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या पुढं मिळणार नाही अशा बेतानं काम लावून देतात. मला दोन मुलं आहेत. दोघंही शाळेत जातात.

जेवणाआधी मास्क दाखवायचा होता. डोक्याला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असेल तर रुग्ण रोज अगदी तसाच, तिथंच झोपला पाहिजे. त्यासाठी जाळीदार प्लास्टिकची शीट सुमारे सत्तर अंश गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि टेबलाला क्लिपांनी अडकवतात. गार होताना ती चेहऱ्याचा आकार धरते. एक शीट कोपऱ्याला चिरली म्हणून रुग्णासाठी बाद केली होती, ती मी शिकवायला ठेवली होती. कोण झोपणार? कुणी पुढं येईना. शेवटी जतकडची एक मुलगी आली, सकाळपासून एक शब्दही न बोललेली.

तिला अंबाडा सोडायला सांगितलं. केस बांधलेले असले तर डोकं टेकत नाही, माप चुकतं. कानातलं, चमकी काढली. आमच्या बायका मंगळसूत्र काढताना किती अडखळतात, आणि ते आपण ओढून न घेता त्यांच्याच हातानं काढू द्यायचं, हेही मी सांगितलं. मग शीट पाण्यातून काढून, टिपून, माझ्या सहकारी मुलीनं आणि मी दोन्ही बाजूंनी ओढली. नाकाच्या कडा, हनुवटी, कपाळ दाबत गेलो. एक क्लिप नीट बसली नाही. मी म्हणाले, "चुकलंय, परत घे." सहकारी म्हणाली, "थोडं खाली, अजून पाच मिलिमीटर." दहा मिनिटं आम्ही त्या मुलीच्या चेहऱ्यावरून एकमेकींशी बोलत होतो आणि मी मुलांना समजावत होते. तिच्याशी सुरुवातीच्या "हलू नको"नंतर एक शब्द नाही.

मास्क काढला तेव्हा तिच्या गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. सगळ्यांनी विचारलं, गरम लागलं का, श्वास कोंडला का? ती म्हणाली, "गरम नाही, चांगलं ऊबदार वाटलं. श्वासही येतोय. पण मॅडम, तुम्ही 'चुकलंय' म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. मी हलले असेन. आणि विचारता येत नव्हतं, तोंड उघडत नाही."

खोलीत कुणी काही बोललं नाही. चौदा वर्षांत मी किती मास्क केले याचा हिशोब नाही. त्या टेबलावर मी स्वतः कधी झोपले नव्हते. आणि मला आठवली एक बाई, काही वर्षांपूर्वीची, जी दर दिवशी उठताना विचारायची, "आज हाललो न्हाई न्हवं मी?" मी तिला दर दिवशी "नाही, नाही" म्हणून बाहेर पाठवलं. तिला हे विचारावंसं का वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. ही चूक माझी होती आणि ती मी त्या मुलांसमोर कबूल केली.

जेवताना तीच मुलगी माझ्याजवळ आली. "हे सांगायचं काम कोणाचं असतं? म्हणजे पेशंटला आधी समजावायचं?" मी तिला खरं ते सांगितलं. आमच्याकडं थोडं नर्स करते, थोडं आरोग्यमित्र करतो, जो खरं तर सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांसाठी बसलेला असतो, आणि बरंचसं कुणीच करत नाही. टाटा मेमोरियलनं यासाठी 'केवट' नावाचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. नाव रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं. त्यासाठी आधी पदवी लागते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमाही करता येतो. माझ्या कामासाठी बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपीचा वेगळा कोर्स लागतो, डीएमएलटीवरून थेट इकडं येता येत नाही, हे डीएमएलटीच्या मुलांना मी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवून कुणाला बोलवायचं नाही.

दुपारी एका आजींच्या शेकाचा पहिला दिवस होता. आटपाडीकडच्या. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, पुढं तीस दिवस रोज २ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप), शनिवार-रविवार सोडून, म्हणजे सहा आठवडे. आजींना विचारून दोन मुलींना बाहेर कन्सोलपाशी, म्हणजे मशीन चालवायच्या टेबलापाशी, उभं केलं, त्यातली एक तीच. मी आजींच्या कानाशी वाकून सांगितलं, मास्क लावल्यावर बोलता येणार नाही, पण आम्ही कॅमेऱ्यात बघतोय. काही झालं तर हात वर करा, मशीन लगेच थांबवू. "आन् मी हाललो तर?" "हलताच येणार नाही, आजी. आणि जरा हललातच तर आम्ही सांगू."

दार बंद झालं. आधी फोटो घेऊन जागा तपासली, चार मिलिमीटरचा फरक निघाला. पहिल्या दिवशी असा निघतोच, टेबल सरकवायचं असतं. माझ्या सहकारी मुलीनं माइकचं बटण दाबलं. "चुक..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या जतच्या मुलीकडं.

"आजी, मशीन जुळवतोय आम्ही. तुम्ही छान झोपलाय."

पडद्यावर आजींचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला. आम्ही चौघी दचकलो, बोट बटणावर गेलं. हात वर आला नाही. त्यांनी फक्त पदर नीट केला आणि हात परत जागेवर ठेवला.