चोरीच्या तक्त्यात न आलेली चोरी

मासिक क्राइम मीटिंगचा तक्ता आमच्या टेबलावर तयार होतो. मी जिल्हा पोलीस कार्यालयात डीसीआरबीला, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या शाखेत, हवालदार आहे. त्याआधीची बरीच नोकरी ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात तक्रार ऐकून नोंदवणाऱ्याच्या, खुर्चीत गेली, त्यामुळे आकड्याचा उगम मी जवळून पाहिला आहे. सीसीटीएनएस ही ठाण्यांची संगणक प्रणाली आल्यापासून सगळं आपोआप मोजलं जातं असं बाहेरच्यांना वाटतं. गुन्हा ऑनलाइन दाखल होतो हे खरं. पण त्याच्या आधी एक माणूस दुसऱ्या माणसासमोर उभा राहून काही सांगतो, आणि ऐकणारा ठरवतो की हा दखलपात्र गुन्हा (ज्याचा एफआयआर होतो), ही एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, की नुसता वस्तू हरवल्याचा गहाळ दाखला. मुंबई असो वा दिल्ली, देशाची गुन्हेगारी त्या टेबलावर मोजली जाते.

मीटिंगच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीत मान वर करायला फुरसत नसते. प्रत्येक ठाण्याचे भाग १ ते ५ चे गुन्हे, त्यात खून, दरोडा, जबरी चोरी, घरफोडी, वाहनचोरी, इतर चोरी. दाखल किती, उघड किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती, वाढ की घट. 'वाढ'च्या रकान्यात अधिक चिन्ह दिसलं की त्या ठाण्याच्या प्रभारींना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. अशाच एका दिवशी दुपारी टपाल शाखेच्या शिपायाने एका मावशींना आणि त्यांच्या मुलाला माझ्याकडे आणून सोडलं.

मावशी आठवडी बाजारात भाजी विकतात. बाजार उठताना मोटारसायकलवर दोघे आले आणि मागच्याने हातातला मोबाइल हिसकावून नेला. त्या तशाच ठाण्यात गेल्या. तिथे त्यांना कागद मिळाला, मोबाइल गहाळ झाल्याचा. सिमकार्ड पुन्हा मिळायला तो पुरतो, म्हणून त्यांनीही घेतला. फोनला लॉक नव्हतं. एटीएम कार्डाचा फोटो मुलाने कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला होता. नवीन सिम मिळेपर्यंत जुनं चोराच्याच हातात चालू होतं. कार्डाचे आकडे आणि त्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर काही बँकांत यूपीआयचा पिन बदलता येतो. दोन दिवसांत बचत गटाच्या कर्जाचे अडतीस हजार गेले. बँकेने एफआयआरची प्रत मागितली.

"बाई, माझ्या हातातनं वढून नेला," मावशी म्हणाल्या. "पडला न्हाई. ह्यात पडला आसं का लिवलंय?"

मी कागद हातात घेतला आणि समोरच्या तक्त्यात त्या ठाण्याची ओळ पाहिली. जबरी चोरी शून्य, हिसकावून चोरी शून्य, इतर चोरी घटलेली. मग सीईआयआर या हरवलेल्या-चोरलेल्या मोबाइलच्या सरकारी पोर्टलवरची त्याच ठाण्याची मोबाइल गहाळची यादी उघडली. ती पानामागून पान चालली होती आणि त्यातल्या बऱ्याच नोंदींवर एकच वार होता, बाजाराचा. बाजाराच्या दिवशीच एवढ्या लोकांच्या हातून मोबाइल पडत नाहीत.

शेजारच्या ठाण्यात सहा महिन्यांपूर्वी एक तरुण एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) प्रभारी आले. त्यांनी पहिल्याच दिवशी अंमलदारांना सांगितलं होतं की चोरी सांगितली तर चोरीच लिहायची. त्यांच्या इतर चोरीची ओळ दुपटीच्या वर गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला उभं त्यांना राहायचं होतं.

इथे मला राग येतो. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करायचीच. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर अधीक्षकांना लेखी कळवण्याचा मार्ग जुन्या कायद्यातही होता आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. कायदा सगळा नोंदणीच्या बाजूचा आहे. आमची मीटिंग मात्र नोंदणी करणाऱ्याला जाब विचारते. ठाण्यातला अंमलदार वाईट नसतो. तो वरच्याला काय हवंय ते ओळखतो. लोकांचाही यात हात आहे: "कोर्टकचेरी नको, नुसता दाखला द्या" हे वाक्य मी ठाण्यात असताना रोज ऐकलं आहे.

मुलाकडून अर्ज लिहून घेतला आणि गहाळ यादीची प्रत जोडून आमच्या अधिकारी मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला: भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, म्हणजे हिसकावून चोरी, त्यासोबत फसवणुकीचं ३१८(४) आणि आयटी अ‍ॅक्टचं ६६ क व ६६ ड. मावशींना प्रत मिळाली. मला बरं वाटलं, आणि मी तक्त्यात त्या ठाण्याची ओळ दुरुस्त करायला बसले.

दुरुस्ती झालीच नाही. देशभरचे गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एनसीआरबीचा नियम असा की एका एफआयआरमध्ये कितीही कलमं असली तरी मोजायचा एकच गुन्हा, ज्याला सर्वांत जास्त शिक्षा आहे तो. बलात्कार करून खून केला तर मोजला जातो फक्त खून. इथे हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, फसवणुकीला सात. म्हणून मावशींचा गुन्हा फसवणुकीत गेला, आणि आयटी अ‍ॅक्ट लागल्याने सायबरच्या तक्त्यात. हिसकावून चोरी त्या ठाण्यात तशीच शून्य राहिली. बाजारातली मोटारसायकल, तो हिसका, मावशींच्या मनगटावरचा ओरखडा यातलं काहीच मोजणीत आलं नाही. नियम चूक आहे असं मी म्हणत नाही, एक घटना दोनदा मोजायची नाही तर काहीतरी नियम हवाच. पण त्या रात्री घरी जाताना मला देशाचे आकडे वेगळे दिसायला लागले.

२०२३ च्या राष्ट्रीय अहवालात सायबर गुन्हे ६५,८९३ वरून ८६,४२० वर गेले, ३१ टक्क्यांची वाढ. त्यात मावशींसारखे किती असतील, ज्यांची सुरुवात हातातून ओढलेल्या फोनने झाली? आणि त्याच वर्षी सायबर पोर्टलवर आलेल्या तक्रारी पंधरा लाखांहून जास्त होत्या. ८६ हजार आणि पंधरा लाख यांच्यामधलं अंतर म्हणजे आमच्यासारख्यांच्या टेबलांवर अडलेले कागद.

२०२० चं उदाहरण तर आम्ही स्वतः घडवलेलं. त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे ५१ लाखांवरून ६६ लाखांवर गेले. चोऱ्या खूप घटल्या होत्या, लोक घरात होते. वाढ मुख्यतः टाळेबंदी मोडल्याच्या गुन्ह्यांची. एकट्या जुन्या दंड संहितेच्या कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, गुन्हे एका वर्षात तीस हजारांच्या आतून सहा लाखांच्या वर. अपहरणाचंही तसंच. हरवलेल्या मुलांबाबत अपहरणाचा गुन्हा नोंदवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१३ साली आला. तोवर 'मिसिंग'मध्ये राहणारी मुलं गुन्ह्यांत आली आणि आकडा चढला. तो चढ मला चांगला वाटतो. ज्या घरातली मुलगी बेपत्ता आहे तिथे गुन्हा नोंदला तरच तपासाला माणूस मिळतो.

खुनाच्या आकड्यावर माझा विश्वास आहे. प्रेत गहाळ दाखल्यावर जात नाही. १९९२ साली देशात चाळीस हजारांच्या वर खून नोंदले गेले होते, २०२३ साली २७,७२१. लोकसंख्या केवढी वाढली, तरी. ही बातमी ठळक छापलेली मी पाहिली नाही. अहवाल आला की पत्रकारांचे फोन येतात, "ताई, आपला जिल्हा कितवा?" त्याच अहवालात एनसीआरबीने दरवर्षी लिहिलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पान कोणी उघडत नाही. केरळचा गुन्हेदर कायम वर दिसतो. तिथे माणसं जास्त वाईट आहेत असं कोण म्हणेल? तिथे लोक ठाण्यात जातात आणि नोंद होते.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला एपीआय उभे राहिले. चोऱ्या का वाढल्या विचारल्यावर ते म्हणाले, "वाढल्या नाहीत, सर. लिहिल्या." अप्पर अधीक्षक काही बोलले नाहीत, पुढच्या ठाण्याकडे वळले. घट दाखवणाऱ्या ठाण्याला त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही, आदल्या संध्याकाळच्या फोननंतरही. हे मला अजून खुपतं.

मावशींच्या पैशांपैकी थोडे एका खात्यात गोठवता आले. पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन गेला असता तर बरेच वाचले असते. पण ज्याच्या हातात 'गहाळ'चा कागद आहे तो १९३० ला कशाला फोन करेल? मोटारसायकलवाले सापडलेले नाहीत. मी मॅडमना टिपणी दिली आहे: तक्त्यात इतर चोरीच्या शेजारी त्याच ठाण्याच्या मोबाइल गहाळ नोंदींचा रकाना ठेवावा, म्हणजे एक घटताना दुसरा फुगतो का ते समोरासमोर दिसेल. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तो रकाना मी घालून ठेवला आहे. मंजुरी अजून आलेली नाही.