गोठ्यातले तीन दिवस

"म्हंजे पैसं मोजून गोठ्यात झोपायचं?"

लॅपटॉपवरचे फोटो बघून आप्पांनी एवढंच विचारलं. मी त्यांना इंग्रजी जाहिरातीतलं सगळं समजावून सांगितलं: जुन्या दगडी भिंती, लाकडी तुळया, शांतता, खिडकीतून दिसणारं कुरण. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी भाडं विचारलं. तीन रात्रींचे ४२० पौंड. मनातल्या मनात रुपये करून झाल्यावर ते म्हणाले, "गडहिंग्लजला येवढ्यात गोठा जनावरांसकट मिळंल." मिळाला नसता, पण मी वाद घातला नाही.

आई-आप्पा जूनमध्ये आमच्याकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला आले होते. आप्पांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं. शहरात त्यांचा जीव रमेना. चार दिवस सुपरमार्केट आणि बागा बघून झाल्यावर ते सोफ्यावर बसून नुसते आभाळाकडे बघायला लागले. म्हणून यॉर्कशायर डेल्समधल्या स्वेलडेल नावाच्या खोऱ्यात, म्यूकर गावाजवळ, हे घर भाड्याने घेतलं. घर म्हणजे जुना गोठाच, आता आत जमिनीखालून गरम होणारी फरशी आणि डिशवॉशर असलेला.

लीड्सहून हॉस गावापर्यंत दोन तास. तिथून पुढे बटरटब्स नावाचा घाट आहे. रस्त्याकडेला चुनखडीत खोल, सरळ उतरणारे खड्डे आहेत. हॉसच्या बाजाराला जाणारे शेतकरी इथे थांबले की उरलेलं लोणी गारव्याला या खड्ड्यांत सोडून ठेवायचे, अशी कथा सांगतात. २०१४ साली 'टूर दे फ्रान्स' सायकल शर्यत याच घाटातून गेली होती, हे नवऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं. आईने तोंडात आल्याची वडी धरून डोळे मिटून घेतले होते. घाट उतरला आणि खोरं समोर आलं, तेव्हा आप्पा पहिल्यांदा सीटवर पुढे सरकून बसले.

"ह्ये काय? परत्येक वावरात एक गोठा?"

खरंच तसं आहे. हिरव्यागार उतारावर करड्या दगडांचे गडगे, त्या गडग्यांनी आखलेले तुकडे, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्यात एक दगडी इमारत. ना रस्ता, ना वीज, ना शेजारी दुसरं काही. इथली माणसं त्याला 'काऊहाऊस' म्हणतात, पण उच्चार ऐकू येतो 'काऊअस'. यातले बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. मी घरमालकीणबाईंनी पाठवलेल्या ईमेलमधून वाचून दाखवायला लागले, तर आप्पांनी मला थांबवलं. "थांब. वैरण वाहायला लागू नये म्हणून. जिथलं गवात तिथंच साठवायचं, तिथंच जनावर बांधायचं, आन् शेणबी तिथंच पांगायचं." ईमेलमध्ये दोन परिच्छेदांत नेमकं हेच लिहिलं होतं.

फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती म्हणजे थंडी. इथे साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत गाई आत बांधलेल्या असायच्या. शेतकरी रोज दोनदा, बर्फ असो की वारा, गावातून चालत एकेका गोठ्याकडे जायचा. वैरण टाकायची, पाण्यावर न्यायचं, दूध काढायचं, आणि ते पाठीवर बांधायच्या पत्र्याच्या कॅनमधून घरी आणायचं. पुढे ट्रॅक्टर आले, गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं आली, गावाजवळ पत्र्याच्या मोठ्या शेड झाल्या आणि हे गोठे रिकामे पडले. काहींची छपरं बसली. आमच्यासारख्यांना भाड्याने मिळतात ते नशीबवान.

घराचं दार ठेंगणं होतं. नवऱ्याचं डोकं पहिल्याच मिनिटाला वरच्या दगडावर आपटलं. "जावईबापू, ह्ये गाईचं दार हाय, वाकूनच याचं," म्हणत आप्पा आरामात आत गेले. पाच फूट तीन इंच उंचीचा त्यांना जन्मात पहिल्यांदा फायदा झाला असावा.

आत गेल्यावर आम्ही बाकीचे बॅगा, वायफायचा पासवर्ड आणि फ्रिज यांत गुंतलो. आप्पा हात पाठीमागे बांधून भिंतीभिंतीने फिरत होते. खालच्या मजल्यावर, जिथे आता स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल आहे, तिथे एका बाजूला उभ्या शहाबादीसारख्या जाड दगडी फळ्या तशाच ठेवल्या आहेत. हे गाईंचे कप्पे, एका कप्प्यात दोन गाई. कप्प्याच्या डोक्याशी एक उभा लाकडी खांब, त्यात अडकवलेली लोखंडी कडी. ही कडी खांबावर वर-खाली सरकते. आम्हाला वाटलं शोभेची आहे. आप्पांनी ती वर नेऊन सोडली, खण्ण करून खाली आली. "गाय बसली की कडी खाली, उठली की वर. गळ्याला फास बसत न्हाई. आपल्याकडं दाव्याला ढील सोडायला लागतो." मग त्यांनी कडीखालचा खांबाचा भाग माझ्या लेकाच्या हाताला लावून दाखवला. लाकूड तिथे काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. कितीएक हिवाळे गाईंनी मान घासून ते तसं केलं असणार.

भिंतीवर चौकटीत लावलेल्या माहितीत लिहिलं होतं: 'या गोठ्यात चार गाई राहत असत.' आप्पांनी मला त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला. ते नुसते "हं" म्हणाले.

वरचा मजला म्हणजे माळा. गवत तिथे भरायचं. आता तिथे पांढऱ्या चादरींचे पलंग. डोक्याशी एक चौकोनी खिडकी, जमिनीपासून इतक्या विचित्र उंचीवर की ती खिडकी म्हणून केलेली नाही हे लगेच कळतं. बाहेरून काट्याने गवत आत फेकायचा तो झरोका. आता त्याला काच आहे आणि पहाटे पावणेपाचला त्यातून थेट तोंडावर ऊन येतं. पडद्याची सोय नव्हती. ४२० पौंडांत पडदा बसायला हरकत नव्हती, असं माझं मत. छपरावर कौलं नाहीत, दगडाच्या पातळ फरश्या आहेत. खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे जाताना लहान होत गेलेल्या. एका कोपऱ्यात मुद्दाम ठेवलेली फट होती. माहितीत लिहिलं होतं की ती वटवाघळांसाठी आहे, ती कायद्याने संरक्षित आहेत, फट बुजवू नये. "भाडं देत्यात का ती?" इति आप्पा.

पहिल्या रात्री स्वयंपाकावरून गंमत झाली. आईने बरोबर ज्वारीचं पीठ, बिडाचा तवा आणि अॅल्युमिनियमची कढई आणली होती. शेगडी निघाली इंडक्शनची. कढई ठेवली की ती नुसती टूंटूं करून बंद पडायची. तवा चालला, पण भाकरी फुगवायला जाळ कुठून आणायचा? जून संपत आला होता तरी बाहेर नऊ अंश होतं, म्हणून बैठकीतली लाकडाची लोखंडी भट्टी पेटवली होती. आईने अर्धा तास तिच्याकडे नजर ठेवली. लाकडं जळून निखारे झाले तशी ती खाली बसली, भट्टीचं काचेचं दार उघडलं आणि चिमट्याने भाकरी आत निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी केली. भाकरी टम्म फुगली. राखेचे दोन-तीन ठिपके आणि एका कडेला जरासा करपलेला डाग. त्यावर हॉसमधून आणलेलं वेन्सलीडेल चीज आणि डब्यातला ठेचा. इथे हे चीज फळांच्या केकबरोबर खातात. ठेच्याबरोबर जास्त चांगलं लागतं, हे मी कोणत्याही यॉर्कशायरकराला तोंडावर सांगायला तयार आहे.

रात्री पावणेदहाला सूर्य मावळला. आप्पा अकरा वाजता बाहेर उभे होते, तरी अजून उजेड होता. "हितला दिवस मावळतच न्हाई. गडी मरंल काम करून."

दुसऱ्या दिवशी म्यूकरची कुरणं बघायला गेलो. गावामागून नदीकडे जाणारी दगडी फरशांची अरुंद वाट कमरेएवढ्या गवतातून जाते आणि 'एकामागोमाग एक चाला' अशी पाटी आहे. शहरातले लोक या पाटीला हसतात. आप्पांना तीच पाटी सगळ्यात आवडली. "बरोबर हाय की. उभ्या पिकातनं कोण हिंडतंय?" इथे गवत हेच पीक. वसंतात कुरणातून जनावरं काढतात आणि गवत वाढू देतात. फुलांचं बी पडेपर्यंत थांबतात, मग जुलैत कधीतरी उघडीप बघून कापणी. म्हणून जूनमध्ये तिथे नुसता रंगांचा धुमाकूळ असतो. पिवळे बटरकप, जांभळी क्रेन्सबिल, पांढरी तुऱ्यांची कसली कसली फुलं.

त्यात 'यलो रॅटल' म्हणून एक पिवळं फूल असतं. मी माहिती वाचली होती म्हणून सांगितलं, की हिची मुळं गवताच्या मुळांत घुसून त्यांचा रस ओढतात, गवताचा जोर कमी होतो आणि त्यामुळे बाकीच्या फुलांना जागा मिळते. म्हणून लोक हिचं बी विकत घेऊन मुद्दाम पेरतात. आप्पा थबकले. खाली वाकून त्यांनी झुडूप न तोडता बघितलं. "ह्यो तर टारफुलाच." ज्वारीच्या मुळावर वाढणारा, पांढऱ्या फुलांचा तो टारफुला, जो उपटून उपटून त्यांच्या वडिलांचे हात सोलून निघायचे. घरी येऊन मी शोधलं. दोन्ही खरंच एकाच कुळातली निघाली. पैसे देऊन कुणी टारफुला पेरतं, हे त्यांनी त्या संध्याकाळी गावाकडे फोन लावून चार जणांना सांगितलं. फोनही घरात लागत नव्हता. त्यासाठी गडग्यापाशी एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागायचं.

कुरणाकुरणांमधल्या गडग्यांत माणसापुरती फट असते. मेंढी जाऊ नये इतकी अरुंद, खाली निमुळती. आमच्यातले बाकीचे निघून जायचे, आप्पा पोटाशी अडायचे. तिसऱ्या फटीला त्यांनी आडवं होऊन जायची युक्ती काढली आणि मग प्रत्येक गडग्याचं निरीक्षण सुरू झालं. मातीचा लेप नाही, चुना नाही. दोन्ही तोंडांना रचलेले दगड, मध्ये भर, आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड, दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे. आमच्या गोठ्याच्या भिंतीतूनही असेच दगड रांगेने बाहेर आलेले होते. लेक त्यांना आदल्या दिवसापासून शिडी समजत होता.

गावात जुन्या शाळेच्या इमारतीवर दोन पाट्या आहेत, रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांच्या. शेजारच्या थ्वेट गावात जन्मलेली ही शेतकऱ्याची पोरं. पुढे पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचं नाव झालं. पक्ष्यांजवळ जाता यावं म्हणून त्यांनी चक्क बैलाचं कातडं पेंढा भरल्यासारखं उभं केलं, आतून पोकळ ठेवलं, आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात उभे राहायचे. हे ऐकून लेक पोट धरून हसला. आप्पा मात्र गंभीर. "बैलाच्या आत उभा ऱ्हायला. आन् आपण बेंदराला मातीचा करून देवळीत ठिवतो." नेमका कर्नाटकी बेंदूर त्याच आठवड्यात होऊन गेला होता. घरच्या गोठ्यात आता बैल नाहीत, एक म्हैस आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं.

हॉसच्या दुकानात भांडी पुसायच्या फडक्यांवर इथले मेंढ्या मोजायचे जुने आकडे छापलेले असतात. यान, टान, टेदर, मेदर, पिप. दहाला 'डिक'. गडग्याजवळ भेटलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला मी विचारलं, तर तो म्हणाला की असं तो फक्त पाहुण्यांसमोर मोजतो. ही मोजणी जुन्या ब्रिटनच्या, वेल्शच्या जवळच्या भाषेतून उरली आहे असं मानतात. वेल्शमध्ये पाच म्हणजे 'पिंप', दहा म्हणजे 'देग'. आमच्या पाच-दहाचे हे लांबचे चुलतभाऊ. आप्पा आणि तो मेंढपाळ अर्धा तास उभे होते. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याचं यॉर्कशायरी इंग्रजी मलाही धड कळत नाही. काळ्या तोंडाची, पांढऱ्या नाकाची, वळलेल्या शिंगांची एक मेंढी त्याने धरली. आप्पांनी तिचे दात बघितले, चार बोटं वर केली. तो हसला आणि मान हलवली. व्यवहार झाला नाही, पण झाल्यासारखा दोघांचा चेहरा होता.

एक गोष्ट मला तिथे डाचत राहिली. रात्री म्यूकरमध्ये फिरताना बऱ्याच घरांना दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी दिसली, आणि खिडक्या अंधाऱ्या. म्हणजे सुट्टीची घरं. राष्ट्रीय उद्यान असल्याने गोठा बाहेरून गोठाच दिसला पाहिजे, यावर इथे बारीक लक्ष असतं, आणि ते दिसतंही. पण त्याच खोऱ्यात वाढलेल्या पोराला घर घेणं परवडत नाही, असं तो मेंढपाळ बोलता बोलता म्हणाला. मी त्या घरांपैकीच एकात भाड्याने राहत होते, त्यामुळे नुसती मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी पाऊस. दिवसभर घरात. दमट हवेत कप्प्याच्या कोपऱ्यातून हलका वास यायला लागला. मी आणि नवरा ओल समजून खिडकी उघडायला गेलो. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गोमूत्राचा हाय. दगड सोडत न्हाई." मग उठून ते त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसले, मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली आणि बराच वेळ तिथेच काहीतरी चाचपडत राहिले. आईने जेवायला दोनदा हाक मारली.

निघायच्या सकाळी टेबलावरची पाहुण्यांची वही त्यांनी स्वतःहून मागितली. आमच्या आधीच्यांनी लिहिलं होतं: स्वर्ग, शांतता, पुन्हा येऊ. आप्पांनी चष्मा लावून, खाली तारीख घालून, मराठीत दोनच ओळी लिहिल्या. आठवड्याने घरमालकीणबाईंचा ईमेल आला, त्या पानाचा फोटो लावून. भाषा कोणती आणि अर्थ काय, असं त्यांनी विचारलं होतं. मी भाषांतर करून पाठवलं:

'चार नव्हे. चार गाई आणि एक वासरू. डाव्या कोपऱ्यात भिंतीला, गुडघ्याखाली, लहान कडी आहे ती बघा.'

संध्याकाळी उत्तर आलं. त्यात शब्द एकही नव्हता, नुसता फोटो होता: टॉर्चच्या उजेडात चुन्याने माखलेली, पाटलीएवढी गंजकी कडी, आणि तिच्यात अडकवलेलं एक बोट.